'मी करलं' हे त्याला शिकवलं कोणी?

एसटीत असाल, रानात असाल, हॉस्टेलच्या खाटेवर इयरफोन लावून पडला असाल, जिथं असाल तिथं स्वागत. नेहमीप्रमाणे भागाचं लेखी रूप ब्लॉगवर टाकलंय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.

आजचा प्रश्न असा: लहान मूल व्याकरण शिकतं कुठून? आजूबाजूच्यांचं ऐकून, की जन्मतःच डोक्यात काही घेऊन येतं? साठ-पासष्ट वर्षं झाली, मोठमोठे लोक यावर भांडतायत. मी भाषाशास्त्राची नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण मशीन भाषा शिकायला लागल्यापासून हा प्रश्न आमच्याही दारात आला.

आणि दुसरं कारण म्हणजे मी इस्लापूरची. किनवट तालुका, नांदेड जिल्हा. सहस्रकुंडचा धबधबा बघायला आला असाल तर आमच्या भागातून गेला असाल. आमच्याकडं एकाच वर्गात मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी, कोलामी, उर्दू अशा घरांतली पोरं बसू शकतात. त्यातल्या कुणाला 'याला भाषाच येत नाही' म्हणायचं, हे आपण या प्रश्नाचं उत्तर काय धरतो त्यावर ठरतं. तिथं शेवटी येऊच. आधी एक छोटा शब्द घेऊ.

तीन-साडेतीन वर्षांचं पोर येऊन सांगतं, "आई, मी करलं!" आपण हसतो. पण थांबा जरा. 'करलं' हे त्यानं ऐकलं कुठं? आई 'केलं' म्हणते, बाबा 'केलं' म्हणतात, आजी 'केलं' म्हणते. घरात कुणीच न बोललेला शब्द पोराच्या तोंडात आला कसा?

आला तो असा: भर, भरलं. धर, धरलं. चिर, चिरलं. पेर, पेरलं. मग कर, करलं! पोरानं नियम काढला आणि नव्या जागी लावला. नुसती नक्कल करणारं पोर 'केलं'च म्हणालं असतं. म्हणजे ही चूक हाच पुरावा आहे की आत काहीतरी हिशोब चालू आहे.

हे शास्त्रीय पद्धतीनं तपासलं अमेरिकेतल्या जीन बर्को यांनी, १९५८ साली. चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. त्याचं नाव 'वग'. मग दोन प्राणी दाखवले आणि विचारलं, आता हे दोन काय आहेत? मुलांनी बरोबर अनेकवचन केलं. शब्दच बनावट होता, त्यामुळं पाठ करून आणला असण्याचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही घरी करून बघा. पाच वर्षांच्या भाचीला एक वाकडंतिकडं चित्र काढून दाखवा. "हा एक टोबा. आता हे दोन...?" ती म्हणेल "टोबे". "ही एक गिपी. या दोन...?" "गिप्या". अनेकवचन म्हणजे काय हे तिला शाळेत कुणी सांगायच्या आधी.

आता भांडणाकडं येऊ. १९५७ साली बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचं भाषेवरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की भाषा ही सवय आहे. बरोबर बोललं की शाबासकी, त्यातून सवय पक्की. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञानं त्या पुस्तकाची अशी चिरफाड केली की ती समीक्षाच पुस्तकाइतकी गाजली. चॉम्स्कीचा मुद्दा असा: मुलाच्या कानावर पडणारी वाक्यं मोजकी, अर्धवट, तुटलेली. त्यातून ते जे शिकतं ते मात्र अफाट. मधली भर कुठून येते? तर माणसाच्या मेंदूतच व्याकरणाचा एक मूळ आराखडा असतो. त्याला नाव पडलं वैश्विक व्याकरण.

चॉम्स्कीच्या बाजूनं दिलं जाणारं गाजलेलं उदाहरण इंग्रजी प्रश्नांचं आहे. तिथं प्रश्न करताना वाक्यातला शब्द उचलून पुढं न्यावा लागतो आणि तो कुठला उचलायचा यात मेख आहे. मराठीत तसलं काही नाही, आपण शेवटी 'का' लावला की झालं. पण म्हणून आपली भाषा सोपी आहे असं समजू नका. आपली मेख क्रियापदात आहे.

मुलगा म्हणतो, "मी भाकर खाल्ली." तो तर मुलगा, मग 'खाल्ली' का? कारण क्रियापद भाकरीच्या मागं गेलं. "मी शाळेत गेलो" म्हणताना तेच क्रियापद त्याच्या स्वतःच्या मागं येतं. "त्यानं पेरू खाल्ला", इथं पेरूच्या मागं. "त्यानं बहिणीला मारलं", इथं 'मारला' नाही, 'मारली' नाही, कुणाच्याच मागं न जाता सरळ 'मारलं'. वर अपवाद आहेतच. "ती भाकर खाल्ली" कुणी म्हणत नाही, "तिनं खाल्ली" असंच म्हणतात. पण "ती धडा शिकली", "ती नाव विसरली" हे चालतं. मुलगा भाकर 'खाल्ली' म्हणतो आणि दूध मात्र 'प्यायलो'. आपल्याकडं 'पिलो'.

आता हे वाक्य बघा: "ज्या मुलीनं पोपटाला पेरू दिला ती घरी गेली." 'दिला' पेरूकडं बघतंय, 'गेली' लांबच्या मुलीकडं बघतंय. मध्ये पोपट आला, पेरू आला, तरी 'गेली' फसलं नाही. म्हणजे क्रियापद शेजारचा शब्द बघत नाही, वाक्याची रचना बघतं. हे मला कुणी शिकवलं नाही. तुम्हालाही नाही. आत्ता मी सांगेपर्यंत हा नियम आपण पाळतो हेच तुमच्या लक्षात आलं नसेल. शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग येतो तो फार नंतर, आणि आपल्याला जे आधीच येतं त्याचीच नावं पाठ करताना आपण नापास होतो!

इथपर्यंत चॉम्स्कीची बाजू भक्कम वाटते. पण दुसऱ्या बाजूलाही दम आहे.

पहिली गोष्ट, बाळ ऐकतं तेव्हा नुसतं ऐकत नाही, मोजतं. १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक सपाट आवाज ऐकवला. बनावट शब्द एकापुढं एक, मध्ये विराम नाही, चढउतार नाही. शब्द कुठं संपतो हे कळायला एकच खूण होती: कुठल्या अक्षरामागं कुठलं अक्षर हटकून येतं आणि कुठं बदलतं. दोन मिनिटांनंतर बाळांना शब्द आणि शब्दांच्या सीमेवरचे तुकडे यांतला फरक कळत होता. अजून धड चालताही न येणारं पोर आकडेवारी करतंय, मंडळी.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. १९७० मध्ये रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी दाखवलं की आईबाप मुलाचं व्याकरण फारसं तपासत नाहीत, खरंखोटं तपासतात. आपल्याकडंही तेच. पोर म्हणालं "मी करलं", आणि खरंच केलं असेल, तर आई म्हणणार "शाब्बास!" पण पुष्कळदा ती असंही म्हणते, "हो का? तू केलंस?" चूक दाखवली नाही, बरोबर रूप मात्र कानावर पडलं. अशी परतफेड दिवसभर चालू असते. म्हणजे मुलाच्या कानावर पडणारं अगदीच कंगाल नसतं.

तिसरी, काही गोष्टी नियमात बसतच नाहीत. भिंत-भिंती, मग वाट-वाटी का नाही? वाटा. चूक-चुका, वीट-विटा, पण म्हैस-म्हशी. हे एकेक करून लक्षात ठेवावं लागतं. मायकेल टोमासेलोसारखे संशोधक म्हणतात की मूल आधी असे ऐकलेले तुकडेच वापरतं. 'पाणी दे', 'बॉल दे', 'ते दे'. मग हळूहळू त्यातला साचा ओळखतं. व्याकरण आधीपासून असायची गरज नाही. साचे ओळखायची ताकद आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ताडायची ताकद, एवढ्यावर भागतं.

आता माझ्या धंद्याकडं येते. आजची भाषा-मॉडेलं मराठीत बोलतात आणि भाकर 'खाल्ली'च म्हणतात. त्यांच्यात कुणी प्रयोग, लिंग, वचन असलं काही भरलेलं नसतं. नुसत्या मजकुरावर शिकतात. म्हणजे आराखडा नसताना व्याकरण शिकता येणं अशक्य आहे, हा दावा त्या टोकाला टिकत नाही.

पण बिल बघा. २०२० चं जीपीटी-३ साधारण ३०० अब्ज टोकनवर शिकलं. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. २०२४ चं लामा-३ तर १५ लाख कोटींहून जास्त टोकनवर. आणि मूल? २०२३ साली संशोधकांनी 'बेबीएलएम' नावाची स्पर्धा सुरू केली. अट अशी की मॉडेलला १० कोटी शब्दच द्यायचे, छोट्या गटात फक्त १ कोटी. का? कारण मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत फार तर १० कोटी शब्द ऐकतं. म्हणजे जीपीटी-३ ला मुलाच्या सुमारे तीन हजार पट खुराक लागला. त्या स्पर्धेत काही छोट्या मॉडेलांनी इंग्रजी व्याकरणाच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवले, हेही खरं. पण आपलं पोर १० कोटींची वाट बघत नाही. चौथ्या वर्षीच ते भाकर 'खाल्ली' आणि दूध 'पिलो' म्हणून मोकळं होतं.

अजून एक गोष्ट मॉडेल करत नाही. मिळालंच नाही, तर मूल भाषा बनवतं. निकाराग्वात १९७७ साली राजधानी मनाग्वात एक विशेष शाळा सुरू झाली आणि तोवर आपापल्या घरी एकटी असलेली मूकबधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. त्यांच्याकडं घरगुती खाणाखुणा होत्या, सामायिक भाषा नव्हती. शिक्षकांचा भर ओठ वाचून स्पॅनिश शिकवण्यावर होता. मुलांनी मात्र मधल्या सुट्टीत, येताजाता आपसात खुणांची भाषा उभी केली. आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी ती मोठ्यांपेक्षा जास्त नियमबद्ध केली. त्यांना जे मिळालं त्यापेक्षा त्यांनी परत दिलं ते जास्त होतं.

मग माझं मत काय? नवा फोन घ्या. त्यात तुमचं व्हॉट्सॲप नसतं, फोटो नसतात. म्हणून तो रिकामा डबा असतो का? नाही. कुठलंही ॲप चालवायची यंत्रणा आत बसवलेली असते. मुलाचं तसंच असावं असं मला वाटतं. मराठीचे नियम आत नसतात, असते ती शिकायची एक खास पद्धत: आवाज मोजायचा, साचा शोधायचा, तो नव्या जागी लावून बघायचा, आणि हे सगळं माणसांकडून, माणसांसाठी. त्या पद्धतीत खास भाषेपुरतं असं किती आहे, हे आजचं खरं भांडण. कोरी पाटी असं मात्र आता दोन्ही बाजूंपैकी कुणीच म्हणत नाही.

आता आपल्या गावात येऊ.

पहिलीतलं एक पोर म्हणतं, "माझा वही." वर्ग हसतो. 'याला मराठी येत नाही, डोकंच नाही' असा शिक्का बसतो. पण ते पोर तेलुगू घरातलं असेल तर त्याच्या घरचं व्याकरण बघा. तो आला, 'अतनु वच्चाडु'. ती आली, 'आमे वच्चिंदि'. बस आली, 'बस्सु वच्चिंदि'. पुरुषाचं रूप वेगळं. बाई आणि वस्तू यांचं एकवचनात रूप एकच. कोलामी आणि गोंडीतही पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला अशी विभागणी आहे. त्या पोराच्या घरी वही पुरुष की बाई हा प्रश्नच कधी उभा राहिला नाही. आपण मात्र त्याला सांगतो की दगड पुरुष, भिंत बाई, घर दोन्ही नाही, आणि याचं कारण विचारू नको. सांगा, यात विचित्र कोण? ते पोर की आपण?

त्याच्याकडं व्याकरण नाही असं नाहीच. एक पूर्ण व्याकरण आत चालू आहे आणि ते दुसरं उभं करतंय. मध्ये थोडा वेळ 'माझा वही' येणार, जसं मराठी घरातल्या पोराच्या तोंडी 'करलं' येतं. तिथं आपण कौतुकानं हसतो आणि इथं शिक्का मारतो.

हेच मराठी घरातल्या पोरांच्याही वाट्याला येतं. आपण म्हणतो "काय करायलास?" लातूरकडं "काय करलालास?" पुस्तक म्हणतं 'काय करतोयस'. म्हणून आपलं अशुद्ध? मोजून बघा: मी करायलो, तू करायलास, तो करायलाय, ती करायलीय. पुरुष, लिंग, वचन सगळं जागच्या जागी. ज्याला अशुद्ध म्हणतात त्यात एक नियम चुकलेला दाखवा. प्रमाण मराठी शिकायलाच हवी, परीक्षेला लागते, नोकरीला लागते, मला रोज लागते. पण ती आणखी एक म्हणून शिकवा, पहिलीला खोटी ठरवून नको.

भाषा शेजारी राहिल्या की बिघडतात अशी भीती असेल तर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची गोष्ट ऐका. १९७१ साली जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा या गावावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं कन्नड, मराठी, उर्दू पिढ्यानपिढ्या एकत्र नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. निर्जीव वस्तूंच्या लिंगाच्या बाबतीत तिथली मराठी कन्नडच्या वळणानं गेली. सांगायचं काय, तर 'माझा वही' म्हणणाऱ्या पोराचं डोकं जे करतंय, ते एका आख्ख्या गावानं मिळून केलंय.

कायद्यातही हे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. २०२० चं शिक्षण धोरण शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. कागद आहे. वर्गात एका पोराच्या कोलामीवर हसू न येणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

शेवटचं, फोनचं. आमच्याकडं हल्ली काही घरांत ठरवून कोलामी, गोरमाटी बंद करतात. पोर गोंधळेल म्हणून. त्याऐवजी हातात मोबाईल, त्यावर इंग्रजी गाणी. दोन्हीकडं नुकसान आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजले तर ते मागं पडलेलं दिसत नाही. आणि स्क्रीनचं म्हणाल तर २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर माणूस बसून, काहींना तीच माणसं व्हिडिओवर. माणसासमोरची बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, व्हिडिओवाली नाही. बोलणं तेच, पण समोर कुणी आपल्याकडं बघून बोलत नव्हतं.

हे ऐकणारे तुम्ही बहुतेक जण वीस-पंचविशीतले. घरात भाचा असेल, पुतणी असेल, उद्या स्वतःचं पोर असेल. त्याच्याशी आपल्या भाषेत बोला, आजीला बोलू द्या. कोलामी तर कोलामी, गोरमाटी तर गोरमाटी. ऐकू न येणारं मूल असेल तर त्याला खुणांची भाषा लवकरात लवकर मिळू द्या, त्याची वाट बघायची वेळ नाही. आणि पोर 'मी करलं' म्हणालं की दुरुस्त करायची घाई नको. "काय केलंस रे?" असं विचारा. बाकीचं ते करून घेतं.

टोबा-टोबेचा प्रयोग केलात तर पोरानं काय उत्तर दिलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. घरची भाषा मराठी नसेल तर त्या भाषेत करून पाठवा, मला ते जास्त ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात. चला, येते.